हरवलेल्या शेरूचा शोध : नागपुरात घडणाऱ्या एका बालचित्रपटाच्या प्रकल्प नोंदी

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

संहितेचे पहिले पूर्ण वाचन आज नागपूरच्या महाल भागातील वाड्यात झाले. चित्रीकरणही याच वाड्यात व्हायचे आहे. कथा अशी आहे : आईबाबा आणि आबाजींसोबत राहणाऱ्या नऊ वर्षांच्या मिनूचा तांबूस रंगाचा देशी कुत्रा शेरू लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांना बुजून पळून जातो आणि मिनू त्याला महाल, गांधीसागर, इतवारी, कॉटन मार्केट अशी शोधत फिरते. शेरू शेवटी सापडतो, हे कौटुंबिक चित्रपटात प्रेक्षक गृहीतच धरून बसलेला असतो. म्हणून तो सापडेल की नाही यापेक्षा तो कसा सापडतो आणि तोवर मिनूला काय काय उमगते, यावरच हा चित्रपट उभा राहिला पाहिजे.

वाचनानंतरची चर्चा साहजिकच परवाच्या निकालाकडे वळली. ११ ऑगस्टचा आपलाच आदेश बदलून सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्टला असे सांगितले की, पकडलेल्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडावे. पिसाळलेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत. नागपूरला हा वाद नवा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी त्यांना दत्तक घेऊन घरी न्यावे असे म्हटले होते आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली होती. या शहरात कुत्र्यावर माया करणारे आणि कुत्र्याला भिणारे एकाच गल्लीत समोरासमोर राहतात, आणि दोघांचेही म्हणणे खोटे नाही. संहितेत शेजारच्या काकू शेरूचा राग करतात. त्यांच्या मुलाला पूर्वी कुत्रा चावलेला आहे, हा तपशील आज संहितेत घातला. काकूंना खलनायिका करायचे नाही, यावर सगळ्यांचे एकमत झाले आणि मला ते फार मोलाचे वाटते.

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

संहिता वाचून झाल्यावर पशुवैद्यांनी आज भेटीला बोलावले होते. आजच्या बैठकीने चित्रपटाचा शेवट बदलला, म्हणून ही नोंद सविस्तर करीत आहे.

मूळ शेवटात मिनू नाग नदीच्या काठावर शेरूला लांबून पाहते, हाका मारत धावत सुटते, शेरूही धावत येतो आणि दोघांची गळाभेट होते. पशुवैद्यांचे म्हणणे असे की, भीतीने सैरभैर होऊन पळालेला आणि काही दिवस बाहेर उपाशीतापाशी राहिलेला कुत्रा बरेचदा मालकालाही ओळख देत नाही. त्या अवस्थेत त्याच्या लेखी जगात दोनच गोष्टी उरतात, लपणे आणि पळणे. धावत येणारी आकृती मग ती कोणाचीही असो, आणि मोठ्याने मारलेली हाक मग ती कितीही प्रेमाची असो, त्याला पाठलागच वाटते. असा कुत्रा दिसला तर धावू नये, हाका मारू नयेत, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू नये. जमिनीवर अंग एका बाजूला वळवून बसावे, ओळखीच्या वासाचे काही जवळ ठेवावे, खाण्याचा तुकडा हळूच टाकावा आणि त्याला स्वतःहून येऊ द्यावे. कधी त्याला अर्धा तास लागतो, कधी सबंध रात्र.

हे ऐकताना मला चित्रपटाचा कणा सापडल्यासारखे झाले. मिनू पूर्ण चित्रपटभर धावते आहे, ओरडते आहे, दारोदार विचारते आहे. आणि शेवटी तिला नेमके याच्या उलट करावे लागते. समोर आपला कुत्रा दिसत असताना नऊ वर्षांच्या मुलीने जागचे न हलणे, यापेक्षा मोठी कसोटी तिच्यापुढे ठेवता येणार नाही. शिवाय ही कसोटी खरी आहे. चित्रपट पाहून गेलेल्या एखाद्या मुलाचा कुत्रा उद्या खरोखर हरवला, तर मूळ शेवटाने त्याला चुकीचा धडा दिला असता.

लेखकाने दोन पूर्वसूचना सुचविल्या आणि दोन्ही स्वीकारल्या. पहिली अशी की, मध्यंतराच्या आसपास इतवारीत मिनूला शेरू ओझरता दिसतो, ती ओरडत मागे धावते आणि तो गर्दीत दिसेनासा होतो. दुसरी अशी की, गल्लीतल्या कुत्र्यांना रोज पहाटे पोळी घालणारी एक म्हातारी तिला ‘बसून राह्य पोरी, तो पाहून राहिला तुले’ एवढेच सांगते. शास्त्रीय समजावणी कोणाच्याही तोंडी घालायची नाही.

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

परवानग्यांचा दिवस. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आणि चित्रपटांतील प्राण्यांसंबंधीचे नियम २००१ चे. त्यांनुसार भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी घ्यावी लागते आणि चित्रपट पूर्ण झाल्यावर मंडळाचे ना हरकत प्रमाणपत्रही लागते, त्याशिवाय सेन्सॉरचे काम पुढे सरकत नाही. मंडळाचे कार्यालय हरियाणातील बल्लभगढला आहे. अर्जासोबत कुत्र्याच्या प्रत्येक दृश्याचे वर्णन, मालकाची संमती आणि पशुवैद्यांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. स्फोटाच्या किंवा कोणत्याही मोठ्या आवाजाच्या दृश्यात प्राण्याला जवळ ठेवू नये, असे नियमांत स्पष्ट आहे. म्हणजे ज्या प्रसंगावर सारी कथा उभी आहे, तोच प्रसंग कुत्र्याला आवाज न ऐकवता उभा करायचा आहे. नियम नसता तरी आम्ही तेच केले असते.

मुलीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक नाही, आणि तिच्या मानधनातील किमान वीस टक्के रक्कम तिच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. निर्मिती व्यवस्थापकांनी दिवसाचे वेळापत्रक या पाच तासांभोवतीच आखले आहे. रंगभूषा आणि तालीम हीदेखील कामाचीच वेळ धरावी, असे मी त्यांना लेखी कळविले.

२० सप्टेंबर २०२५, शनिवार

शेरूच्या भूमिकेसाठी दोन कुत्री निश्चित झाली. जातिवंत कुत्रा घ्यावा, तो पडद्यावर देखणा दिसतो, असा एक आग्रह गुंतवणूकदारांकडून होता. मी तो मान्य केला नाही. महालातल्या वाड्यात, कडक उन्हाळ्यात कूलरसमोर अंग टाकून पडणारा कुत्रा देशीच असणार. निवडलेली दोन्ही कुत्री एकाच विणीची असून निवाऱ्यातून दत्तक गेलेली आहेत. त्यांतला एक शांत आहे आणि नजर धरून बसतो, दुसऱ्याला पळायची भारी हौस. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून बारीक कापतात. तशी खूण दोघांच्याही कानांना आहे, पण कापाचा आकार सारखा नाही. पळणाऱ्याच्या मागच्या पायावर पांढरा पट्टाही आहे. त्याला रंग लावण्याची सूचना आली होती. कुत्रा अंग चाटतो, त्यामुळे रंग लावायचा नाही. छायाचित्रकार चौकट तेवढी वर घेतील.

प्रशिक्षकांनी कला दिग्दर्शकांचा लाल चेंडू पहिल्याच दिवशी बाजूला काढला. कुत्र्याला निळा आणि पिवळा हे रंग नीट दिसतात, लाल आणि हिरवा मात्र त्याला वेगळे ओळखू येत नाहीत, त्यामुळे हिरवळीवरचा लाल चेंडू तो नजरेपेक्षा नाकानेच शोधतो. निळा रबरी चेंडू टाकताच तो सरळ रेषेत धावला. आता संहितेतही चेंडू निळाच राहील, मिनूचा फ्रॉक पिवळा होईल आणि तिची दप्तराची पिशवी निळी.

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

मिनू मिळाली. निवडचाचणीत आम्ही मुलांना संवाद दिलेच नाहीत, फक्त प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली शांत कुत्र्याच्या खोलीत बसवले. बहुतेक मुलांनी लगेच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ही मुलगी भिंतीला टेकून बसली, स्वतःच्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिली आणि थोड्या वेळाने कुत्रा आपणहून तिच्या गुडघ्याला नाक लावून उभा राहिला. आम्हाला शेवटच्या दृश्यात हेच हवे आहे.

तिची भाषा नागपुरी आहे आणि ती तशीच ठेवायची आहे. ‘तुम्ही आमचा कुत्रा पाहिलात का?’ या ओळीऐवजी तिने वाचताना सहज ‘काका, आमचा शेरू इकडे आला होता का जी?’ असे म्हटले. लेखकाने तेथल्या तेथे संहितेत बदल केला.

२१ ऑक्टोबर २०२५, मंगळवार, लक्ष्मीपूजन

आज कुत्रे नव्हते. प्रशिक्षकांनी दोघांनाही शहराबाहेर शांत जागी नेले आहे. आम्ही फक्त ध्वनी आणि रिकाम्या गल्ल्या टिपल्या. ध्वनिमुद्रकांनी लडी, सुतळी बॉम्ब आणि दूरच्या आतषबाजीचा घुमारा यांचे वेगवेगळे मुद्रण केले. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. रॉकेट वर जातानाची बारीक शिट्टी आपल्या कानांवरून निघून जाते, पण कुत्र्याला ती टोचत असणार. म्हणून पळण्याच्या प्रसंगात स्फोटापेक्षा ही शिट्टीच पुढे आणायची आणि तिच्यामागे आरतीचा आवाज हळूहळू बुडत न्यायचा, असे ठरले.

छायाचित्रकारांनी कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवून गल्ल्या चित्रित केल्या. त्या उंचीवरून महालाची ओळखीची गल्ली परकी वाटते. माणसांचे नुसते पाय दिसतात, रांगोळीचे रंग डोळ्यांपुढे येतात, पणत्यांच्या ज्योती नजरेच्या रेषेत असतात आणि विझलेल्या भुईनळ्याचा धूर रस्त्यालगत तरंगत राहतो. शेरूच्या नजरेतली सर्व दृश्ये याच उंचीवरून घ्यायची.

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

काल सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक आदेश आला. शाळा, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री निवारागृहात हलवावीत आणि पुन्हा तेथे सोडू नयेत, असे त्यात म्हटले आहे. संहितेत मिनूला कळते की, कुत्री पकडणारी गाडी बसस्थानकाकडून गेली, आणि शेरू त्या गाडीत असेल या भयाने ती आबाजींसोबत नसबंदी केंद्रात जाते. पूर्वीच्या मसुद्यात केंद्रातले सहायक ‘सगळ्यांना परत सोडतो आम्ही’ असे म्हणत होते. आता ते वाक्य बसस्थानकातल्या कुत्र्यांना लागू पडणार नाही, म्हणून प्रसंग गल्लीतला केला. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे गल्लीतले कुत्रे नसबंदीनंतर पुन्हा त्याच गल्लीत सोडायचे असते, आणि सहायक नोंदवही उघडून मिनूला तेच दाखवतात. कायद्याचा तपशील मुलांच्या चित्रपटातही चोख असावा.

काकूंच्या मुलाचा प्रसंगही आज लिहून झाला. पूर्वी कुत्रा चावला तेव्हा घरच्यांनी जखमेवर तिखट भरले होते, असे काकू सांगतात. आबाजी त्यांना थांबवत नाहीत, रागावत नाहीत. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यायची, डोस अर्धवट सोडायचे नाहीत, एवढे ते शांतपणे सांगतात. समजावणी टाळण्याचा आमचा नियम येथे जाणीवपूर्वक मोडला आहे. एकदा रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, त्यामुळे एवढी ओळ चित्रपटाने उचललीच पाहिजे.

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार

चित्रीकरणास प्रारंभ. पहाटे महालात थंडी चांगलीच होती. गल्लीतली कुत्री स्वतःच्या हद्दीत आलेल्या दोन पाहुण्यांवर भुंकणार हे ठाऊक होते, म्हणून त्या गल्लीत रोज पोळी घालणाऱ्या आजींनाच आम्ही पहाटे सोबत घेतले. त्यांनी आपल्या कुत्र्यांना पलीकडच्या चौकात नेऊन जेवू घातले आणि आमची गल्ली मोकळी झाली. वाड्यातली दृश्ये झाली. पळून जाण्याचा प्रसंग पूर्ण शांततेत घेतला : प्रशिक्षकांनी दाराबाहेरून निळा चेंडू टाकला, कुत्रा आनंदाने उंबरा ओलांडून धावला. संकलनात त्याच धावण्यावर शिट्टी आणि स्फोट बसतील. शेपटी वर असलेला भाग मात्र वापरता येणार नाही. घाबरलेल्या कुत्र्याची शेपटी पायांत असते.

२८ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

गांधीसागराच्या बाजूला पानठेल्याचा प्रसंग झाला. मिनू स्वतः लिहिलेले कागद चिकटवत फिरते. कला विभागाने छापील फलक आणले होते, ते परत पाठवले आणि मुलीलाच लिहायला बसवले. तिने खडूच्या रंगांनी शेरूचे चित्र काढले, वर ‘आमचा शेरू हरवला आहे’ असे लिहिले, खाली ‘चावत नाही. केळं खातो. पकडू नका, फक्त सांगा.’ केळ्याची ओळ तिची स्वतःची. आमचा शांत कुत्रा खरोखर केळे खातो, ते तिने तालमीत पाहिले होते. फोन क्रमांकाची जागा फाटलेली दाखवली आहे, कारण कोणाचाही खरा क्रमांक पडद्यावर जायला नको.

पानठेलेवाल्याची भूमिका शहरातल्या एका जुन्या नाट्यकलावंतांनी केली. संहितेत ते नुसते ‘नाही’ म्हणतात. त्यांनी सुपारी कातरता कातरता कागद हातात घेतला, शेवटपर्यंत वाचला, चुन्याची बोटे आधी फडक्याला पुसली आणि तो ठेल्याच्या काचेवर, देवाच्या तसबिरीशेजारी लावला. मग म्हणाले, ‘पाहतो मी. येणाऱ्याजाणाऱ्याले विचारतो. तू घरी जाय.’ तो प्रसंग त्यांनी सुचविल्याप्रमाणेच ठेवला. शोधाच्या गोष्टीत शहर असेच दिसायला हवे. मदत फारशी होत नाही, पण कागद वाचला जातो.

३ डिसेंबर २०२५, बुधवार

शेवटचे दृश्य. नाग नदीचे पाणी आज सांडपाण्याचे आहे, त्यामुळे मुलगी आणि कुत्रा दोघांनाही पाण्यापासून लांब, काठावरच्या कोरड्या पट्ट्यावर ठेवले. पशुवैद्य हजर होते. कुत्रा खरोखर भ्यायलेला नको होता, म्हणून प्रशिक्षकांनी त्याला फक्त ‘थांब’ आणि ‘हळू ये’ या दोन खुणांवर काम करायला लावले; कान मागे पडलेले आणि अंग चोरलेले दिसावे यासाठी त्याला सरपटत येण्याचा सराव दिलेला होता. मुलीला मी एवढेच सांगितले की निवडचाचणीत केले तेच कर. ती भिंतीकडे तोंड करून बसली, आबाजींचा वापरातला पंचा शेजारी पसरला, त्यावर केळ्याचा तुकडा ठेवला आणि बुटाच्या नाडीशी खेळू लागली. कुत्रा आला, थबकला, मागे सरला, पुन्हा आला. आम्ही कोठेही ‘कट’ म्हटले नाही. त्याने पंचाला नाक लावले तेव्हा तिचा खांदा एकदाच हलला. तिने मान वळवली नाही.

उद्यापरवा उरलेली किरकोळ दृश्ये उरकायची आहेत. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन तोंडावर आहे आणि एकदा ते सुरू झाले की शहराच्या मध्यभागात बंदोबस्तामुळे रस्त्यावर कॅमेरा लावणे कठीण होते.

११ जानेवारी २०२६, रविवार

संकलनात वाद झाला तो अपेक्षेप्रमाणे बसण्याच्या दृश्यावरूनच. संकलकांचे मत होते की मुलांचा चित्रपट आहे, इतका वेळ पडद्यावर काहीच घडत नसेल तर मुले चुळबुळ करतील. मध्ये मिनूच्या आठवणींचे तुकडे पेरावेत आणि संगीत चढवावे. मी दोन्ही गोष्टींना नकार दिला. ‘काहीच घडत नाही’ हे मला पटत नाही. एक भ्यालेला जीव विश्वास टाकावा की नाही हे ठरवतो आहे, आणि एक लहान मुलगी त्याच्यावर जबरदस्ती न करण्याचे ठरवते आहे. मात्र प्रेक्षकाला ते पाहता यावे म्हणून त्याआधी इतवारीत ती धावली आणि कुत्रा निसटला तो प्रसंग पुरेसा ठसठशीत हवा, हे संकलकांचे म्हणणे योग्य आहे. त्यामुळे तेथे पळणाऱ्या कुत्र्याच्या नजरेतला तुकडा वाढवला : मागून धावत येणारे दोन छोटे पाय, आणि प्रतिध्वनीसारखी विरूप झालेली मिनूची हाक.

ध्वनिमुद्रकांनी वाड्यातल्या शहाबादी फरशीवर कुत्र्याच्या नखांचा टकटक आवाज स्वतंत्रपणे टिपला होता. पूर्वार्धात तो सतत ऐकू येतो. शेरू गेल्यावर तो थांबतो आणि घरात तेवढी पोकळी राहते. तेथे पार्श्वसंगीताची गरज उरली नाही.

१ फेब्रुवारी २०२६, रविवार

कच्चा संकलित चित्रपट आज महालातल्या काही मुलांना आणि त्यांच्या पालकांना दाखवला. बसण्याच्या दृश्यात मुलांची चुळबुळ झाली नाही. उलट पुढच्या रांगेतला एक मुलगा मित्राला दबक्या आवाजात सांगत होता, ‘हलू नको म्हणा ना बे तिले.’ मुलांना नियम कळलेला आहे. पालकांपैकी दोघांनी काकूंबद्दल आवर्जून बोलून दाखवले, की त्या शेवटीही कुत्र्याला हात लावत नाहीत हे बरे केले. पोळीचा तुकडा लांबून टाकतात, तेवढेच खरे वाटते.

दृश्य जसेच्या तसे ठेवायचे, हे आता अंतिम झाले. दोन्ही कुत्री चित्रीकरणानंतर आपापल्या घरी आहेत. पशुवैद्यांचा अहवाल आणि कुत्र्याच्या सर्व दृश्यांचे न कापलेले चित्रण पशुकल्याण मंडळाकडे ना हरकत प्रमाणपत्रासाठी या आठवड्यात रवाना होईल, कारण त्या दृश्यात कुत्रा भ्यालेला दिसतो आणि तो भ्यालेला नव्हता, हे मंडळाला त्या चित्रणावरूनच पाहता येईल. सेन्सॉरकडे अर्ज ‘यू’ प्रमाणपत्रासाठी करायचा आहे. फटाक्यांच्या प्रसंगातील आवाज अगदी लहान मुलांना घाबरवणारा ठरतो का, हे ध्वनिमिश्रणात पुन्हा तपासून शिट्टीची पातळी थोडी खाली आणण्यास ध्वनिमुद्रकांना सांगितले आहे.